लास व्हेगासहून डेथ व्हॅली: दोघांसाठी, भाड्याच्या गाडीने, एक रात्र मुक्काम

निवडुंग (धागाकर्ता)

व्हेगासला आलेल्या जोडप्याचे पहिले दोन दिवस स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, मजेत जातात. तिसऱ्या दिवशी कॅसिनोतल्या गालिच्यांचा आणि सिगरेटच्या वासाचा कंटाळा येतो, आणि मग इथे प्रश्न पडतो: "जवळपास वाळवंट बघायचंय, डेथ व्हॅली एका दिवसात होते का?" डेथ व्हॅली म्हणजे शेजारच्या कॅलिफोर्नियातलं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान (पुढे नुसतं 'पार्क'). उत्तरं दरवेळी वेगवेगळ्या धाग्यांत विखुरतात, म्हणून सगळं एका जागी आणतोय.

गृहीत धरलंय ते असं: माणसं दोन, साधी सेडान, नोव्हेंबर ते मार्चचा काळ, डांबरी रस्ता सोडायचा नाही.

एका दिवसात होते का? गाडी चालवून होते. जाऊन येऊन साडेचार-पाच तास फक्त रस्त्यात जातात, आतली ठिकाणं एकमेकांपासून २५-३० किलोमीटरवर आहेत, आणि जो उजेड बघायला माणूस तिथे जातो तो सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीननंतर असतो. एका दिवसाची फेरी करणारे नेमके अकरा ते दोन तिथे असतात आणि परत येऊन "सगळं करडं होतं" म्हणतात. तेव्हा एक रात्र तरी राहा.

माझा आराखडा:

पहिला दिवस. सकाळी सातला व्हेगास सोडा. राज्यमार्ग १६०, म्हणजे ब्लू डायमंड रोड, धरून पश्चिमेला. माउंटन स्प्रिंग्जचा घाट ओलांडला की पाह्रम्प (साधारण १०० किमी). तिथे टाकी फुल्ल. गावाच्या उत्तर टोकाला डावीकडे बेल व्हिस्टा रोड लागतो, तो थेट डेथ व्हॅली जंक्शनला नेतो. तिथून कॅलिफोर्निया १९०. फर्नेस क्रीक या दरीतल्या मुख्य वस्तीच्या आधीच डावीकडे डान्टेज व्ह्यूचा फाटा आहे, २१ किमी आत. तो आधी करा. १६६९ मीटरवरून अख्खी दरी पायाखाली दिसते, आपण नंतर कुठे जाणार आहोत तेही वरूनच कळतं. मग झॅब्रिस्की पॉइंट, फर्नेस क्रीकचं व्हिजिटर सेंटर, जेवण. दुपारी दोनला बॅडवॉटर, म्हणजे मिठाचं मैदान. परत येताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह, हा रंगीत टेकड्यांमधला रस्ता. सूर्यास्ताला मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या. मुक्काम स्टोव्हपाइप वेल्स.

दुसरा दिवस. उजाडताना पुन्हा टेकड्या, मग मोझॅक कॅन्यन, तिथून डेलाइट पासचा घाट चढून रायोलाइट (ओस पडलेलं खाणगाव), बीटी गाव आणि महामार्ग ९५ ने व्हेगास. सगळं मिळून ३६० मैलांच्या आसपास, म्हणजे ५८० किमी.

भर घाला.

---

पाह्रम्पचा पोस्टमन

आराखडा चांगला आहे. एक गोष्ट ठळक करतो: आर्टिस्ट्स ड्राइव्ह एकेरी आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्यामुळे बॅडवॉटर आधी आणि आर्टिस्ट्स ड्राइव्ह येताना, हाच क्रम बरोबर. उलट केलंत तर फाट्यावर "प्रवेश बंद"ची पाटी बघून पुढे जाल आणि तेवढाच रस्ता दोनदा कराल. १४-१५ किमीचा रस्ता आहे, वळणं आणि खोलगट उतार भरपूर, घाई करू नका. मोटरहोमवाल्यांसाठी: २५ फुटांहून लांब गाडी तिथे चालत नाही, डान्टेज व्ह्यूच्या शेवटच्या टप्प्यावरही नाही.

आणि आर्टिस्ट्स पॅलेटचे हिरवे-गुलाबी रंग दुपारच्या उतरत्या उन्हातच उठून दिसतात, तेव्हा वेळही जुळते.

---

घाटवळण

मार्गाबद्दल. जाताना पाह्रम्प आणि येताना बीटी, हे योग्यच. पण का, तेही लिहायला हवं.

१६० हा पाह्रम्पपर्यंत चौपदरी आहे, सकाळी अनोळखी गाडीवर हात बसायला बरा. ९५ हा मर्क्युरी गावापर्यंत चौपदरी आणि पुढे बीटीपर्यंत दुपदरी. त्या पट्ट्यात मोठे ट्रक असतात, ओव्हरटेक करायचा मोह होतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीचं अंतर सपाट वाळवंटात चुकतं. लांब दिसणारा दिवा वाटतो त्याहून लवकर जवळ येतो. ट्रकच्या मागे दहा मिनिटं गेली तर गेली.

बीटीत शिरताना वेगमर्यादा ताशी ७० मैलांवरून टप्प्याटप्प्याने २५ वर येते. २५ ची पाटी दिसेपर्यंत गाडी २५ वर आलेली असायला हवी, पाटीनंतर ब्रेक मारायला सुरुवात करू नका. गावात आणि आसपास मोकाट गाढवं फिरतात, त्यामुळे अंधारात आणखी सावकाश.

डेथ व्हॅलीत माणसं उन्हाने मरतात असा समज आहे. पार्क सर्व्हिस स्वतः सांगते की तिथले सर्वाधिक मृत्यू एकट्या गाडीच्या अपघातात होतात. समोर कोणी नसतं, रस्ता सरळ असतो, डोळा लागतो किंवा कॅमेऱ्याकडे हात जातो, चाक खडीवर उतरतं आणि माणूस घाबरून स्टिअरिंग उलटं ओढतो. गाडी कोलांटते ती त्या झटक्याने. चाक खाली उतरलंच तर स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी झाल्यावर हळूच वर घ्या.

---

मीठभाकर

दोघंही गाडी चालवणार असतील तर दोघांची नावं करारावर हवीत. अनेक कंपन्या नवरा-बायकोसाठी दुसऱ्या चालकाचे जादा पैसे घेत नाहीत, पण नाव न घालता दुसऱ्याने चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. पाह्रम्पला अदलाबदल, फर्नेस क्रीकला अदलाबदल, असं आधीच ठरवून टाका.

भारतातून येणाऱ्यांसाठी: मूळ लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही बरोबर ठेवा (फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष). नुसतं परमिट चालत नाही. ते मूळ लायसन्सच्या जोडीनेच धरतात. काउंटरवर चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. फॉरेक्स कार्डावर अडून राहू नका, त्यावर अनामत अडकवायला बहुतेक काउंटर तयार नसतात.

विम्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक एक घेऊन दुसरी विसरतात. एक, भाड्याच्या गाडीचं नुकसान. दुसरी, आपल्यामुळे समोरच्याचं झालेलं नुकसान. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या स्वतःच्या पॉलिसीत दुसरी बहुधा असते. भारतातून आलेल्यांकडे काहीच नसतं, त्यांनी दोन्ही घ्यावीत. क्रेडिट कार्डाचा फुकट विमा फक्त पहिल्या गोष्टीचा असतो, आणि कच्च्या रस्त्यावर तोही अनेकदा लागू होत नाही.

---

स्टेपनी

आयडीला जागून टायरबद्दल लिहितो.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना डिक्कीतला गालिचा उचलून बघा. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, तिच्या जागी एक छोटा कंप्रेसर आणि फेसाची बाटली असते. तो फेस खिळ्याच्या भोकाला चालतो. दगडाने टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. काउंटरवर सरळ सांगा, "स्टेपनी असलेली गाडी द्या." बहुतेक वेळा बदलून मिळते. स्टेपनी असेल तर तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, तेही बघा.

टायर किती झिजलाय ते बघायला एक सेंटचं नाणं पुरतं. लिंकनचं डोकं खाली करून नाणं खाचेत घाला. डोक्याचा वरचा भाग अख्खा दिसला तर टायर संपलेला आहे, गाडी बदला.

हवा: चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा. सकाळी निघण्याआधी तेवढी भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाच पीएसआय जास्त दिसेल. तो बघून हवा सोडू नका. "गरम आहे, थोडी कमी करू" हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, आणखी तापतो आणि मग फुटतो.

उरला कच्चा रस्ता. धागाकर्त्याने मोझॅक कॅन्यन लिहिलंय, तिथली शेवटची तीनेक किलोमीटर खडीची आहेत. नॅचरल ब्रिज आणि ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यनही कच्चेच. कोरड्या दिवसांत सेडान जाते, पण करार वाचा. बहुतेक करारांत कच्चा रस्ता चालत नाही. आणि रेसट्रॅक, ते सरकणारे दगड, त्याचं नावही सेडानच्या संदर्भात काढू नका. युबेहेबी विवरापासून पुढे ४३ किमी धारदार दगडांचा रस्ता आहे. तिथून टो करून आणायचं बिल सुट्टीच्या खर्चाएवढं होऊ शकतं.

---

निवडुंग

स्टेपनी, मोझॅक कॅन्यनचा मुद्दा मान्य. ज्यांना करार मोडायचा नाही त्यांनी त्याऐवजी गोल्डन कॅन्यन करावा. पार्किंग डांबरीवर, १९० पासून तीनेक किमी. रेड कथीड्रलपर्यंत जाऊन येऊन साधारण पाच किमी. भिंती पिवळ्या, आणि टोकाला एकदम लालभडक कडा.

---

वाळूघड्याळ

मुक्कामाच्या जागेवर माझं मत वेगळं आहे. स्टोव्हपाइप वेल्स टेकड्यांसाठी सोयीचं, पण झॅब्रिस्कीचा सूर्योदय तिथून ४५ किमी लांब पडतो. झॅब्रिस्की बाराच्या उन्हात बघणं म्हणजे न बघणं. तिथे सकाळी आधी समोरच्या पॅनामिंट डोंगरांची टोकं गुलाबी होतात, मग उजेड खाली उतरत मॅनली बीकनच्या सुळक्यावर येतो, मग खालच्या पिवळ्या घड्यांवर. अर्धा तास लागतो. "सूर्य उगवला" म्हणून पहिल्या पाच मिनिटांत निघणारे खरा भाग सोडून जातात.

म्हणून: फर्नेस क्रीकला राहा, सकाळी झॅब्रिस्की (आठ किमी), संध्याकाळी टेकड्या. दुसऱ्या दिवशी निघताना वाटेत टेकड्या पुन्हा आहेतच.

बॅडवॉटरबद्दल उलटी चूक होते. लोक तिथे सूर्योदयाला जातात. पूर्वेला अगदी लागून ब्लॅक माउंटन्सची भिंत आहे, त्यामुळे बॅडवॉटर सकाळी बराच वेळ सावलीत असतं. दुपार हीच त्याची वेळ. मात्र डिसेंबरात चारच्या आसपास सूर्य पॅनामिंटमागे जातो, तेव्हा दोनच्या आत पोचा.

---

पाह्रम्पचा पोस्टमन

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय, बीटी. फर्नेस क्रीकपासून ६५ किमी, मोटेल पार्कच्या आतल्यापेक्षा स्वस्त, पेट्रोलही. पार्कच्या आत पेट्रोल तीनच ठिकाणी आहे: फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स, पॅनामिंट स्प्रिंग्ज. तिन्हीकडे महाग. डेथ व्हॅली जंक्शनला पंप नाही, नकाशावर नाव मोठं दिसतं म्हणून भरवसा ठेवू नका. पाह्रम्पला टाकी भरली तर वरच्या आराखड्यात बीटीपर्यंत ३०० किमीच्या आसपास होतात, सेडानला आरामात पुरतं.

इलेक्ट्रिक गाडी मिळाली असेल तर पाह्रम्प आणि बीटी दोन्हीकडे टेस्लाचे सुपरचार्जर आहेत. आत धिम्या चार्जरवर विसंबू नका. डान्टेज व्ह्यूचा चढ आणि एसी मिळून बॅटरी स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा भराभर खाली येते. उतरताना थोडी परत मिळते, सगळी नाही.

---

नाटकवेडी

डेथ व्हॅली जंक्शनला पंप नसला तरी थांबायला कारण आहे. कोपऱ्यावर पांढरी, कमानींची लांबलचक इमारत दिसते, ती १९२० च्या दशकात बोरॅक्स कंपनीने बांधली. १९६७ साली न्यूयॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट आणि तिचा नवरा फिरायला आले असताना त्यांचा टायर इथेच बसला. दुरुस्ती होईपर्यंत तिने ते बंद पडलेलं सभागृह बघितलं, आणि दोघं तिथेच राहिली. तेच अमरगोसा ऑपेरा हाउस. वाळवंटात प्रेक्षक कुठून येणार, म्हणून तिने भिंतींवर अख्खा प्रेक्षकवर्ग रंगवला: राजा, राणी, सरदार, सगळे बसलेले. रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रयोग करणं काय असतं ते आपल्या हौशी मंडळींना सांगायला नको. २०१७ साली ती वारली. आत बघायचं असेल तर वेळा आधी तपासा.

---

स्टेपनी

पंक्चर झाल्यावर गावच वसवायचं, हा उपाय माझ्या यादीत नव्हता!

---

उष्माघात

इथे सगळे हिवाळ्याचं बोलताहेत, पण भारतातून लोक मे-जूनच्या सुट्टीत येतात. त्यांच्यासाठी लिहितो.

जुलैत फर्नेस क्रीकचं सरासरी कमाल तापमान ४७ अंश सेल्सिअस आहे. जगातला नोंदवलेला उच्चांक, ५६.७, तिथलाच, १० जुलै १९१३ चा. "आम्ही नागपूर-चंद्रपूरचे, आम्हाला काय ऊन सांगता" असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी. एक, विदर्भात आपण दुपारी घरात असतो, इथे पर्यटक बरोबर दुपारी बाहेर असतो. दोन, हवा इतकी कोरडी आहे की घाम दिसतच नाही, अंगावर येण्याआधी उडतो. कातडी कोरडी राहते आणि पाणी जात असल्याचं कळत नाही.

उन्हाळ्याचे नियम सोपे आहेत. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, आणि गाडीत तेवढंच राखीव. सकाळी दहानंतर दरीत चालायचं नाही. गाडीपासून दहा मिनिटांहून लांब जायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. भारतातून ओआरएसची पाकिटं आणा. एक पाकीट एक लिटरमध्ये, कमी पाण्यात दाट करून पिऊ नका. बरोबर खारे शेंगदाणे, चिवडा असं काही खात राहा.

जोडीदाराकडे लक्ष ठेवा. चिडचिड, अडखळतं बोलणं, तोल जाणं ही भांडणाची नव्हे, उष्माघाताची लक्षणं समजा. गाडीत बसवा, एसी पूर्ण, कपडे पाण्याने भिजवा, मानेला-काखेत बर्फ. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर राहू नका. हवा तापली की विरळ होते, पंख्यांना उचल मिळत नाही, आणि ४९ अंशांच्या वर रुग्णवाहू हेलिकॉप्टर सहसा उडत नाहीत. जुलै २०२४ मध्ये बॅडवॉटरजवळ मोटरसायकलवाल्यांचा गट उष्माघाताने कोसळला तेव्हा हेच झालं. त्यातला एक जण दगावला.

त्याच महिन्यात मेस्किट टेकड्यांवर एका बेल्जियन पर्यटकाच्या पायांतून चपला निसटल्या आणि काही मिनिटांत तळव्यांना तिसऱ्या दर्जाचे चटके बसले. आपल्याकडे स्लिपर घालून फिरायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. पायात बंद बूट आणि मोजे हवेत.

उन्हाळ्यात जायचंच असेल तर सूर्योदयाला झॅब्रिस्की, डान्टेज व्ह्यू (वर दरीपेक्षा ८ ते १४ अंश कमी), बॅडवॉटरला दहा मिनिटं, आणि अकराच्या आत परतीचा रस्ता.

---

घाटवळण

गाडीचंही तेच. लांब चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा. काटा लालकडे गेलाच तर बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करू नका, हीटर पूर्ण चालू करा. उकडेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता बाहेर काढतो. वाफ येत असेल किंवा पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

उतारावर उलटा धोका. डान्टेज व्ह्यूचा शेवटचा तुकडा १५ टक्के चढाचा आहे. उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवला तर खालपर्यंत ब्रेक जळल्याचा वास येतो. ऑटोमॅटिक असली तरी एल, एस किंवा बी यापैकी जो गिअर असेल तो टाका, ब्रेक दाबा-सोडा करा.

---

मीठभाकर

फोनबद्दल कोणी लिहिलं नाही. पार्कमध्ये रेंज जवळपास नाही, फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सला थोडीफार मिळते. नकाशा व्हेगासमध्येच ऑफलाइन उतरवून घ्या. आणि फोन काचेवर चिकटवू नका: समोरून ऊन, खालून चार्जिंग, वर जीपीएस, असं तिहेरी तापून तो आधी चार्ज घेणं थांबवतो आणि मग बंदच पडतो. एसीच्या जाळीवरचा होल्डर घ्या. व्हिजिटर सेंटरला कागदी नकाशा मिळतो, तो हातात असू द्या.

जीपीएसने "जवळचा रस्ता" दाखवला आणि तो कच्चा असेल तर ऐकू नका. जुलै १९९६ मध्ये चार जणांचं एक जर्मन कुटुंब भाड्याच्या मिनीव्हॅनने अशाच एका आडवाटेवर गेलं. ऑक्टोबरात गाडी सापडली, तीन टायर बसलेले. मोठ्यांचे अवशेष सापडले ते थेट २००९ मध्ये. तेव्हा जीपीएस नव्हता, नकाशावरची रेघ होती, पण गणित तेच. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, बॉनेट उघडं ठेवा. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांत उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, पण तिला मोकळं आकाश लागतं, घळीत चालत नाही.

आणि उन्हात उभ्या गाडीत सोड्याचे कॅन, पॉवर बँक, स्प्रेच्या बाटल्या ठेवू नका.

---

वाळूघड्याळ

प्रवेश फी. गाडीला ३० डॉलर, सात दिवस चालते. रोख घेत नाहीत, कार्डच. नाक्यावर अडवणारं कोणी नसतं, म्हणून लोक तसेच आत जातात. व्हिजिटर सेंटरला किंवा वाटेतल्या मशीनवर भरा आणि पावती काचेपाशी ठेवा.

वार्षिक पासचा हिशेब २०२६ पासून बदलला आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांना २५०. शिवाय ११ मोठ्या पार्कांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा. डेथ व्हॅली त्या यादीत नाही, ग्रँड कॅन्यन आणि झायन आहेत. म्हणजे फक्त डेथ व्हॅली करणाऱ्या भारतीय जोडप्याने ३० चं तिकीट घ्यावं. त्याच सहलीत ग्रँड कॅन्यनही असेल तर दोघांचे तिथलेच २०० जादा होतात, मग २५० चा पास परवडतो.

---

कोरडाठाक

व्हेगासहून निघताना दोन गोष्टी गाडीत येतात, त्यांचं सांगतो. उघडी दारूची बाटली दोन्ही राज्यांत गाडीत चालत नाही, मागच्या सीटवर ठेवलेलीही. गाडी न चालवणाऱ्या जोडीदाराच्या हातातला दारूचा ग्लाससुद्धा गुन्हाच. गांजा नेवाडात दुकानात मिळतो, पण राष्ट्रीय उद्यान ही केंद्र सरकारची जमीन, तिथे तो बेकायदा, आणि राज्याची सीमा ओलांडून नेणंही बेकायदा. व्हिसावर आलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ड्रोनलाही पार्कमध्ये बंदी आहे.

आदल्या रात्री टेबलावर फुकट मिळणारी दारू घेऊन सकाळी सातला निघणं, हेही टाळा. शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

---

मीठभाकर

खाण्याचं लिहिल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही. आत शाकाहारी म्हणजे फ्राइज, पिझ्झा, सॅलड, तेही महाग. व्हेगासमध्ये भारतीय किराणा मिळतो. दशम्या किंवा ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, केळी नकोत (तासाभरात काळी पडतात), संत्री चालतील. कूलरमध्ये (खाणं गार ठेवायच्या पेटीत) तळाशी साडेचार किलोची बर्फाची पिशवी, न फोडता. वर पाण्याच्या बाटल्या, त्यातल्या दोन आदल्या रात्री गोठवलेल्या. बर्फ संपला तरी त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत गार राहतात.

कायोटीला (लांडग्यासारखा रानटी प्राणी) आणि कावळ्यांना काही घालू नका. रस्त्यात उभं राहून मागायची त्यांना सवय लागते आणि मग गाडीखाली येतात.

---

घाटवळण

पाऊस. वर्षाला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पडतो, पण पडतो तेव्हा एकदम. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला, पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं, आणि बॅडवॉटरच्या मिठावर तळं साठलं. जमीन पाणी पीत नाही, डोंगरावरचं सगळं घळींतून रस्त्यावर येतं. रस्त्याला जिथे खोलगट भाग आहेत तिथूनच ते वाहतं. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, थांबा, बहुधा काही तासांत ओसरतं. निघायच्या सकाळी पार्कच्या साइटवर रस्त्यांची स्थिती बघा. स्कॉटीज कॅसल हा पार्कमधला जुना वाडा तर २०१५ च्या पुरापासून नेहमीच्या पर्यटकांना बंदच आहे, तेव्हा जुन्या ब्लॉगवर भरवसा ठेवून तिकडे ८० किमी जाऊ नका.

---

निवडुंग

उत्तम भर. बॅडवॉटरवर प्रत्यक्ष काय करायचं ते राहिलंय. समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. पार्किंगमधून मागे वळून कड्यावर बघा, समुद्रसपाटीची पाटी वर दिसते. बहुतेक जण फळीवरून उतरून पन्नास पावलं चालतात आणि तुडवलेल्या राखाडी मिठावर फोटो काढतात. सरळ दीड किमी आत चाला. तिथे मिठाचे षटकोनी तुकडे दिसतात, कडा बोटभर उंच, पांढऱ्या आणि ठिसूळ. समोर टेलिस्कोप पीक, ३३६८ मीटर, हिवाळ्यात बर्फ असतो. कडांवर पाय देऊ नका. पाणी असेल तर मिठाच्या चिखलातून चालू नका, बूटही जातात आणि पावलांचे ठसेही महिनोन्महिने राहतात.

रात्री आकाश बघायचं तर अमावास्येच्या आसपासच्या तारखा घ्या. २०१३ पासून हे अधिकृत 'डार्क स्काय पार्क' आहे. डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, त्यात कोणी फोन उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल कागद लावा. आणि जॅकेट न्या, डिसेंबरात रात्री तीन-चार अंश होतात.

---

नाटकवेडी

परतीला रायोलाइटला किती वेळ द्यावा?

---

पाह्रम्पचा पोस्टमन

एक तास पुरतो. बीटीच्या साडेसहा किमी आधी फाटा, रस्ता डांबरी. १९०४ मध्ये सोनं सापडलं, गाव फुगलं, आणि दहा-बारा वर्षांत ओस पडलं. तीन मजली बँकेच्या भिंती आणि बाटल्यांचं घर, एवढं बघा. भिंतींना टेकू नका, आणि पडक्या खाणींच्या तोंडाशी जाऊ नका. वाटेतच पांढऱ्या झगेवाल्या भुतांच्या मूर्ती दिसतील, ते 'द लास्ट सपर', १९८४ चं शिल्प. तुम्हाला आवडेल, तेही रंगमंचासारखंच मांडलंय.

---

स्टेपनी

शेवटचं गाडी परत करण्याबद्दल. टाकी बीटीला नको, व्हेगासमध्ये विमानतळाजवळच भरा, नाहीतर १९० किमीचं पेट्रोल कमी दिसतं. मात्र रेंटल सेंटरच्या अगदी तोंडावरचे पंप टाळा, एखादा मैल आधीचा भाव बघा. पावती जपा. पायांतली वाळू आणि मीठ गालिच्यावर तसंच राहिलं तर साफसफाईचे पैसे लावतात, तेव्हा पंपावरच्या व्हॅक्यूमने पायपुसणी काढून झाडून घ्या. घेताना काढलेत तसेच चारी बाजूंचे आणि टायरांचे फोटो परत देतानाही काढा, काचेचा तर जवळून. ट्रकने उडवलेल्या खडीचा टिचका असेल तर तो तिथेच नोंदवून घ्या.